खडकावरचं भाषण

वाचकहो, आपल्या मुलांनी निर्भय व्हावं, असं तुम्हाला खरंच वाटतं का? मला वाटत होतं. म्हणून सोलापूरच्या आमच्या शाळेतली चौदा मुलं घेऊन मी पोर्तुगिजांच्या गोव्यात गेलो. किनाऱ्याच्या पाऊलवाटेनं त्यांना सकाळभर चालवलं आणि दुपारी समुद्रातल्या एका खडकावर बसवून निर्भयतेवर भाषण सुरू केलं. मध्ये कुणी बोलायचं नाही, अशी ताकीद आधीच दिली होती.

शेजारी एक म्हातारी खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले काढत होती. तिनं एकदा मागं पाहिलं, टोपली टाकली आणि माझं वाक्य अर्धवट असतानाच सगळ्यात लहान मुलाचं मनगट धरलं. आम्ही आलो ती वाट पाण्याखाली गेली होती. आमच्या सोलापूरच्या तलावाचं पाणी जिथल्या तिथे असतं. समुद्र असा चालून येतो, हे सहलीच्या माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

एकमेकांचे हात धरून, छातीभर पाण्यातून तिनं आम्हाला काठावर आणलं. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजलं, शेवटी माझ्याही.

मी आमच्यातल्या मंद्रूप गावच्या एका मुलावर ओरडलो, "पाणी दिसलं नाही?"

"दिसलं की गुरुजी, लई येळचं. पन तुमीच म्हनला, मधी बोलायचं न्हाय."

म्हातारी पदर पिळत हसली. "मास्तर, तुजीं पोरां दर्यापरस तुकाच जास्त भियेतात!"

तिची टोपली वाहून गेली होती. माझं भाषण मात्र खिशात, भिजलेलं का होईना, शाबूत होतं.

तेव्हा एवढं करा: आज आपलं बोलणं अर्ध्यावर थांबवा आणि समोरच्या मुलाला विचारा, "तुला काय दिसतंय?"