गिअरमधलं खोबरेल

लायसन काढायला मी रत्नागिरीला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "गाडी कोण चालवणार?" मी म्हटलं, "मी." ते माझ्या मागे बघायला लागले, कुणी बाप्यामाणूस उभा आहे का म्हणून. मागे भिंत होती. शेवटी दिलं लायसन. देणार नाहीत तर करतील काय? गाडी मी त्यांच्या नाकासमोर मागे घेऊन दाखवली होती.

एकोणीसशे साठच्या अलीकडची ही गोष्ट. मी बावीस वर्षांची. बाबा मालवणात डॉक्टर होते आणि त्यांचे निम्मे पेशंट आतल्या गावांत, शेतकऱ्यांच्या वाड्यांवर. आमची जुनी मोटार चालवायला एक ड्रायव्हर होता, तो मुंबईला गेला. बाबांचे डोळे उन्हात चुरचुरायचे. मग स्टिअरिंगवर मी बसले. बाजारातून गाडी गेली की लोक दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहात. राहा म्हणावं, पाय दुखतील तुमचेच.

सगळ्यात जास्त कुणाच्या पोटात दुखत असेल तर ते धाकट्या काकांच्या. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. रोज संध्याकाळी येऊन आमच्या ओसरीवर बसायचे आणि म्हणायचे, "लग्नाचा चेडू गाडी फिरयता, लोक काय म्हणतले?" मी आतून ओरडायचे, "लोकांका इचारून सांगा हां काकानू!"

त्या वर्षी थंडी पडली आणि गाडीने दगा दिला. सकाळी गिअर पडेचना. दांडा दोन्ही हातांनी ओढावा तर आतून दळण दळल्यासारखा आवाज. दहा-अकराला ऊन तापलं की जरा सैल व्हायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा आतल्या वाडीवरून बाळंतिणीसाठी बोलावणं आलं आणि आम्ही अंगणातच अर्धा तास अडकलो. बाई सुटली व्यवस्थित.

काकांना तेवढंच हवं होतं. "गिअर बॉक्स गेलो. चेडवाच्या हातात गाडी दिल्यार आणखी काय होतला?" त्यांनी तळेऱ्याचं एक गिऱ्हाईकही गाठलं. तो रविवारी दुपारी गाडी बघायला येणार असं परस्पर ठरवून टाकलं. बाबांनी अडवलं नाही. गाडी गेली की माझं चालवणं संपणार, ते संपलं तर संपलं. पण बाबांचं आतल्या गावांना जाणं बंद होणार होतं. बैलगाडीत बसून सहा कोस जायचं त्यांचं वय नव्हतं. घरी बसलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणवेनात.

आणि मला राग कशाचा आला होता? गिअर बॉक्सचे दात मी तोडले असं काका सांगत होते, ह्याचा. मी गिअर बदलताना क्लच पुरता दाबत होते, बाबांनीच शिकवलं होतं. त्यांनी हेही शिकवलं होतं की गिअर बॉक्सचे दात तुटले तर तेलात लोखंडाचा कीस उतरतो. म्हटलं, मग कीस बघूया. रविवारी सकाळीच मी बाबांचा जुना पायजमा चढवला, गाडीची चारही चाकं जॅकने एकेक उचलून चिऱ्यांवर टाकलेल्या फळ्यांवर घेतली आणि खाली शिरले. कुंपणाच्या गडग्यापलीकडून शेजारीण म्हणाली, "गे बाय, काय ह्या तुझा!" मी म्हटलं, "बघ, पोटभर बघ. येतंस काय मदतीक?" ती आत गेली.

दर वर्षी पावसाळ्यानंतर गिअरचं तेल बदलायचं काम बाबा स्वतः करत. त्या दिवाळीनंतरही त्यांनीच केलं होतं, मी तेव्हा वेंगुर्ल्याला मावशीकडे होते. खालचा बोल्ट मी पान्याने सोडवला, परात खाली सरकवली. एक थेंब येईना. बोट घातलं तर आत काहीतरी घट्ट. माडाचा हीर खुपसला आणि बाहेर काढला तर त्याच्या टोकाला काळपट पांढरा गोळा. मी वास घेतला. रवळनाथा! खोबरेल!

माझ्या वेणीला लावायची बाटली रोज सकाळी अशीच थिजलेली असायची. मी ती उन्हात ठेवायचे आणि गाडी सुरू व्हायची त्याच सुमाराला ती वितळायची. महिनाभर दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. खाली पडल्यापडल्या मी स्वतःलाच शिव्या दिल्या.

मग डब्याचं आठवलं. आमच्याकडे मोटारीच्या तेलाचे रिकामे डबे कुणी फेकत नसे. सोडा घालून उकळत्या पाण्याने धुवायचे आणि वर्षाचं खोबरेल त्यात भरून कोठीत ठेवायचं, मोटारीच्या तेलाच्या नव्या डब्याशेजारीच. आई महिनाभर विचारत होती, "माझो तेलाचो डबो खंय गेलो?" मी उठून कोठीत गेले. गिअरच्या तेलाचा डबा तिथे सीलसकट बसला होता. आईचा डबा सापडला गाडी ठेवायच्या मांगरात, फळीवर. रंग तोच, छाप तीच. तपकिरीने बाबांच्या नाकाला वास उरला नव्हता, ते ठाऊक होतं. पण गिअरचं तेल काकवीसारखं काळं नि दाट, खोबरेल पाण्यासारखं. ओतताना धार तर दिसते ना माणसाला?

मी बाहेर आले. बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. "काय गो, कीस गावलो?" मी खोबरेलाने माखलेला बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, मग डोळ्यांजवळ नेला, आणखी जवळ, अगदी पापण्यांना टेकेपर्यंत. बोटं एकमेकांवर चोळली. मग हात मांडीवर ठेवला.

"मोतीबिंदू आसा," ते म्हणाले. "दोनय डोळ्यांत. पिकल्याशिवाय काढणत नाय. कोणाक सांगू नको."

खोबरेल कुणी घातलं हे सांगितलं तर मी सुटत होते, आणि डॉक्टरला डबा ओळखता येत नाही हे गावभर होत होतं. मग औषधाची बाटली तरी कशी ओळखणार, असं लोकांनी म्हटलंच असतं.

तेव्हा रडायलाही वेळ नव्हता, गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. बाबांची शेकायची रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरून मी गिअर बॉक्सला खालून दाबून धरली. तीनदा पाणी बदललं. तेव्हा कुठे खोबरेल वितळून परातीत आलं. त्यात मी बोटं फिरवली. बारीक काळी भुकटी होती, पण दाताचा तुकडा एकही नाही. मग थोडं घासलेट घालून आतली घाण धुतली, तेही वेगळ्या डब्यात निथळू दिलं आणि खालचा बोल्ट परत आवळला. नवं तेल भरायला नळी हवी होती. बाबांचा जुना एनिमाचा डबा होता ना! दवाखान्यातून आणला, गाडीच्या दाराला टांगला, उन्हात तापवून पातळ केलेलं तेल त्यात ओतलं आणि नळी बाजूच्या, तेल भरायच्या भोकात घातली. तेल भोकाच्या काठाला आलं आणि बाहेर ओघळायला लागलं, तसा तिथला बोल्ट आवळला. बाबा खुर्चीवरून म्हणाले, "पेशंट बरो आसा?" आम्ही दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

काका गिऱ्हाइकाला घेऊन आले तेव्हा मी तशीच पायजम्यावर, कोपरापर्यंत तेलकट. काका त्याच्यासमोर शुद्ध बोलत होते, "गिअर बॉक्स गेलेला आहे, तेवढं बघून घ्यावं लागेल." मी गाडी खाली घेतली आणि चारही गिअर टाकून बंदराच्या वळणापर्यंत जाऊन आले. लोण्यातून सुरी जावी तसा दांडा फिरत होता. तळेऱ्याचा माणूस खूश. काकांची शुद्ध भाषा तिथेच संपली. "काल पडत नाय होतो, तो आज कसो पडता?" आणि त्यांचं लक्ष परातीकडे गेलं. वाकून वास घेतला. "ह्या खोबरेल! गिअरात? कोणी घातल्यान?"

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले.

"मिया घातलंय."

काका असे हसले की त्यांना ठसका लागला. "ऐकलात? गाडीक तेल चोपडल्यान! आता फणी करतली!" माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण मी हलले नाही. "होय, मिया घातलंय, आणि मियाच काढलंय. तुमच्यान काढूक जमला असता? गाडी इकूची नाय."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "गाडी माझी. चालयतली ही."

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट मासळीबाजारात पोचली. पुढे दोन वर्षं मी दिसले की कुणीतरी विचारायचंच, "बाय, गाडीक न्हाणलंस?" मी म्हणायचे, "न्हाणलंय, आता तुमचो नंबर." रात्री अंथरुणावर मात्र ते शब्द टोचायचे, खोटं कशाला सांगू.

त्या दोन वर्षांत बाबा पेशंटच्या घरी शिरले की मी बॅग घेऊन मागोमाग. ते नाडी बघत, पोट चाचपत, छातीला कान लावत. बाटलीवरचं नाव मी वाचून दाखवी. ही फसवणूक होती असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. त्यांच्या बोटांना जे कळत होतं ते धड डोळ्यांच्या कितीजणांना कळतं? आणि माझ्या वाचण्यात एकदाही चूक झाली नाही.

मोतीबिंदू पिकले. मिरजेला जाऊन काढले. बाबा जाड भिंगाचा चष्मा लावून घरी आले त्या संध्याकाळी सगळे नातेवाईक ओसरीवर जमले होते. काकांनी सवयीप्रमाणे सुरुवात केली, "आता गाडी तूच चालय, नायतर ही परत खोबरेल..."

"खोबरेल मिया घातलंय," बाबा म्हणाले. "ह्या चेडवान काढल्यान."

काका म्हणाले, "मगे तेवा कित्या बोललंस नाय?"

"तेवा बोललंय असतंय तर माझ्याकडे पेशंट कोण इलो असतो? म्हणान हिणा तुझा हसणा सोसल्यान. दोन वर्सां."

काकांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या दुकानाचो माल आणूक कणकवलीक जावचा आसा. गाडी घेऊन येशीत गो?"

"येतंय," मी म्हटलं. "पण गाडीवर जास्ती ओझा भरूचा नाय. आणि माझ्या बाजूक बसून काय एक बोलूचा नाय."