भरल्या टाकीची पूजा

आमची आत्या गवत कापायच्या मशिनशी जितकं गोड बोलायची, तितकं एखाद्या माणसाशी बोललेली मी तरी ऐकलेली नाही. मशिनला ‘माझं सोनं ते’, ‘दमलंस का रे’, आणि समोर उभ्या माणसाला ‘मेल्या, डोळे आहेत की बटणं?’ बन्नीमंटपाकडच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ब्रश कटर, म्हणजे पाठीला लावायची ही लांब दांड्याची मशिनं, ओळीनं टांगलेले असायचे. सकाळी आत आली की ती आधी एकेका मशिनच्या पेट्रोलच्या पाइपला बोटांनी चिमटा घ्यायची, वाकवून बघायची, बोटं नाकाशी नेऊन हुंगायची. हे सगळं झालं की मग माणसांकडे वळायची. चिमटे तिथंही घ्यायचीच.

लोक तिला सुभेदारीण म्हणायचे. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते. त्यांच्यातलं खरंच कुणी सुभेदार होतं की नाही देव जाणे, पण आत्याचा आवाज ऐकला की असावं असं वाटायचं. नवरा गेला तेव्हा तिच्याकडे थोडी मशिनं आणि गवत कापायची दोन-चार कंत्राटं राहिली. त्यावर तिनं धंदा उभा केला. कॉलेजांची मैदानं, नवीन वसाहतींचे लेआउट, कॉफीचे मळे, हुणसूरकडचे तंबाखूवाले, सगळे तिच्याकडे यायचे. माझे वडील, अप्पा, तिचा धाकटा भाऊ. त्यांची गिरणी बंद पडल्यावर तिनं त्यांना शेडमध्ये घेतलं आणि मशिनं त्यांच्या हाती दिली. माझ्याकडे फोन आणि मालाचा टेंपो.

तिचं एकच शास्त्र होतं. ‘पोटात शिळं ठेवलं की आतडी सडतात. माणसाची सावकाश सडतात, मशिनची लगेच.’ हल्लीच्या पेट्रोलात ते स्पिरिट मिसळतात ना, त्याच्यावर तिचा भारी राग. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराच्या पाइपला आधी फुगवतं, चिकट करतं, मग वाळवून तडे पाडतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करायची, मग दोरी ओढून मशिन पुन्हा चालू करायचं आणि आपोआप खोकून बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे आतला थेंबही जळून जातो. मशिन उन्हात ठेवायचं नाही. पाइप बोटाला चिकटला किंवा वाकवल्यावर त्याला केसाएवढी चीर दिसली, तर कापून फेकायचा आणि नवा घालायचा. यात कुणी चुकला की त्याची सात पिढ्यांची आठवण निघायची.

एकदा एका माळ्यानं मशिन भर दुपारी कॉलेजच्या मैदानात उघड्यावर टाकलं आणि स्वतः झाडाखाली डबा खात बसला. पिकल्या केसांचा, नातवंडं असलेला माणूस. आत्यानं त्याला हातातला घास ठेवायला लावून मशिनच्या शेजारी उभा केला. डोक्यावरचा टॉवेलही काढून घेतला. ‘निल्लु, इथंच उभा राहा. रबराला कसं होतं ते कळू दे.’ पोरं वर्गाच्या खिडक्यांतून बघून हसत होती. तो घामानं निथळत उभा राहिला आणि शेवटी मटकन खाली बसला, तेव्हा आत्यानं मशिनवर हात फिरवला आणि म्हणाली, ‘हे बघा, हे बिचारं बसूसुद्धा शकत नाही.’ तो माळी पुन्हा कामावर आला नाही. पण गंमत अशी की बैलकुप्प्याच्या एका तिबेटी मठात एका तरुण भिक्खूनं नेमकं हेच केलं होतं. आत्या त्याच्यावरही अशीच बरसली. त्यानं हात जोडले आणि इतकं मोकळं हसला की बाईनं सरळ टेंपो गाठला! टेंपोत बसल्यावर म्हणाली, ‘लेकाचा हसला गं. आता याचं काय करायचं?’

मी डिग्रीला नापास झाले तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. आत्या आली, पेढे घेऊन. ‘नापास झालीस? बरं झालं. पास झाली असतीस तर बेंगळुरूला जाऊन कुणाच्या तरी कॉम्प्युटरपुढे मान मोडली असतीस. उद्यापासून टेंपो शिकायला ये.’ मला रडू फुटलं. पण तिनं मला खरोखर चालवायला शिकवलं. बिरादरीतल्या बायका नाकं मुरडायला लागल्या तेव्हा भर लग्नात त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाली, ‘तुमच्या मुली रांगोळी काढतात, माझी गिअर काढते. कुणाला बोलायचंय का?’ मला त्या दिवशी तिचे पाय धरावेसे वाटले होते, खोटं कशाला बोलू?

अप्पांचं मात्र तिनं कधी काही चांगलं म्हटलं नाही. ‘बाबू, देवाला तुला माणूस करायच्या ऐवजी गोगलगाय करायचं होतं, मधेच विचार बदलला त्यानं.’ हे असं रोज, गिऱ्हाइकांदेखत, माझ्यादेखत. अप्पा खाली मान घालून हसायचे. त्यांना एकच मिरवण्यासारखी गोष्ट होती, आणि ती त्यांना पुरायची. अप्पांनी चिमटा घेऊन पास केलेला पाइप आत्या पुन्हा तपासत नसे. साऱ्या शेडमध्ये फक्त त्यांच्या बोटांवर तिचा विश्वास होता. ‘आक्का माझ्यामागून बघत नाही,’ हे अप्पा आल्यागेल्याला सांगायचे, जसं कुणी पोरगा कलेक्टर झाल्याचं सांगेल.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्यात त्या दिवशी शस्त्रं पूजेला लावायची, पण उपाशी नाही. पूर्वी म्हणे घोड्याला आधी पोटभर चारायचे, मगच हार घालायचे. घोडे गेले, सायकली आल्या, स्कूटर आल्या, मग ही मशिनं आली. चारा गेला आणि पेट्रोल आलं. त्यामुळे वर्षभर टाकी रिकामी करा म्हणून जीव खाणारी आत्या त्या दिवशी सगळ्या टाक्या काठोकाठ भरायला लावायची. शेवंतीच्या माळा, कुंकू, दारात फोडलेला कोहळा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मशिनं बाहेर काढून थोडं तरी गवत कापायचंच, आणि ते पेट्रोल त्यातच जाळायचं. इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मात्र पाऊस थांबेना, आणि त्यातच एका मोठ्या संस्थेशी आत्याचं वाजलं. बहुतेक कामं त्यांचीच, म्हणून सगळं बंद. मशिनं माळा घातलेली, भरल्या पोटानं शेडमध्ये तशीच. अप्पांनी दुसऱ्या आठवड्यात विचारलं, ‘आक्का, काढू का पेट्रोल? पाइप जुने आहेत.’ आत्या उसळली, ‘पूजेचं पेट्रोल काढतोस? घोड्याच्या तोंडातला घास काढतोस? बाप असता तर तंगडं मोडलं असतं तुझं.’ एरवी दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर हीच बाई त्याला उन्हात उभं करून मोकळी झाली असती! दिवाळी आली नि गेली, माळा सुकून गळून पडल्या, तरी पेट्रोल आत.

मग अचानक भांडण मिटलं. संस्थेत कुणी मोठे पाहुणे येणार होते, सगळं मैदान एका दिवसात साफ हवं होतं. आदल्या संध्याकाळी अप्पांनी सगळी मशिनं बघितली. जे मशिन चालवायचं नाही त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधायची, ही आमच्या शेडची रीत. ज्यानं बांधली त्यानंच नवा पाइप घालून ती सोडायची. सकाळी टेंपोत मशिनं चढली, आत्या स्वतः उभी राहून चढवत होती. एकाही मशिनला चिंधी नव्हती. मैदानात अप्पांनी हाताशी आलेलं मशिन पाठीला लावलं. थोड्या वेळानं मला पेट्रोलचा वास आला, आणि मी हाक मारायच्या आत तापलेल्या सायलेन्सरवर भडका उडाला. पाइप टाकीच्या तोंडाशीच फाटला होता. पट्टा सोडवताना अप्पांचा उजवा हात आणि पाठ भाजली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात संस्थेची माणसं, दोन माळी, आम्ही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बघितला नाही यानं पाइप. मी डोळे मिटून विश्वास ठेवला, ते असं फेडलं.’ झालं. दोन दिवसांत सगळ्या म्हैसुरात तेच. बाईंचा भाऊ हलगर्जी आहे, बाई आहेत म्हणून सांभाळून घेतात. अप्पांच्या बोटांची कातडी आली, पण स्पर्श गेला. गरम चहाचा पेला धरला तरी कळायचं नाही. ते शेडमध्ये परत आले तेव्हा आत्यानं त्यांच्या हातात झाडू दिला. ‘हे धर. झाडूला पाइप नसतो.’ माळी हसले. अप्पाही हसले, काय करणार?

घरी मात्र त्यांनी स्वतःला पार पोखरून टाकलं. ‘मी बांधली होती गं त्या मशिनला चिंधी. बांधली होती ना? की बांधायची म्हणून हातात घेतली आणि विसरलो?’ जेवताना, आंघोळीला जाताना, टीव्हीसमोर, एकच. मी म्हणायचे, ‘बांधलीच असणार.’ ते म्हणायचे, ‘मग गेली कुठं? आक्का तर म्हणते नव्हती.’ आत्याच्या शब्दापुढे त्यांना स्वतःची आठवणही खोटी वाटायला लागली. हाताचं त्यांना दुःख नव्हतं. आपली बोटं चुकली का, एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी आत्या पोटाच्या आजारानं अंथरुणाला खिळली. तिचं सगळं अप्पांनी केलं. पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. बधिर बोटांतून चमचा हलायचा, पेज हनुवटीवर सांडायची, आणि ती तेवढ्याही ताकदीत म्हणायची, ‘अय्यो, हा मला जाळून नाही तर बुडवून मारणार.’ एका दुपारी मी पलंगापाशी बसले होते. अप्पांनी पेज भरवता भरवता, दर वेळी मला विचारायचे तसंच तिला विचारलं, ‘आक्का, त्या दिवशी चिंधी बांधली होती का गं मी?’

‘बांधली होतीस,’ आत्या म्हणाली. ‘मीच सोडली. एक मशिन कमी पडत होतं. म्हटलं, एक दिवस काढेल.’

भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं, त्या आवाजात! मी म्हटलं, ‘आत्या, मग इतकी वर्षं...?’

‘सांगून काय करायचं होतं? सुभेदारीणच सडका पाइप चालवते म्हटल्यावर आपल्या दारात कुणी आलं असतं का? तुझा टेंपो कशावर चालला असता? त्याचं काय, तो घरचाच.’ मग अप्पांकडे बघून, ‘पेज गार झाली, साकु, पुरे आता.’

मला वाटलं अप्पा उठतील, वाटी फेकतील, निदान रडतील तरी. अप्पांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ‘ऐकलंस का?’ ते मला म्हणाले, ‘बांधली होती मी! बोटं नव्हती चुकली!’ आणि त्यांनी तिचे पाय धरले. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर डोकं टेकून तिला शिव्या घातल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये, येतील तेवढ्या. मागून अप्पा आले. ‘हे बाहेर जायचं नाही,’ म्हणाले. ‘जाणाऱ्या माणसाचं नाव घालवायचं नसतं.’ पंधरवड्यात ती गेली. जाईपर्यंत त्या गोष्टीचा पुन्हा एक शब्द नाही, माफीचा तर सोडाच. मला तिची आठवण येते, रोज येते, मैदानात पाइपला चिमटा घेताना तर येतेच, आणि येते म्हणून माझा मलाच संताप होतो.

तेराव्याला पंगत मोठी होती. सुभेदारीणच ती, अर्धं म्हैसूर आलं होतं. हुणसूरचा एक म्हातारा तंबाखूवाला, आत्याचं जुनं गिऱ्हाईक, पानावर बसला होता. मी भात वाढत त्याच्यापाशी आले तेव्हा तो शेजारी उभ्या अप्पांना कन्नडमध्ये म्हणत होता, ‘बाई मोठ्या मनाच्या. एवढी चूक करूनही तुम्हाला शेवटपर्यंत पोसलं. दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं.’ पंगतीतल्या दोन-चार माना डोलल्या. माझं तोंड उघडलंच होतं. अप्पांनी हात जोडले, वाकून त्याला म्हणाले, ‘खरं आहे. चूक माझीच होती, आक्कानं पदरात घेतली.’ मग माझ्याकडे वळले.

‘उभी काय राहिलीस? त्यांच्या पानातला भात संपलाय.’

मी वाढला.