शेवटच्या गाण्याचा आवाज

आमच्या बँडच्या पहिल्या अल्बममधलं एकच गाणं गायचं उरलं होतं, आणि गायकाचा आवाज सकाळपासून खरखरत होता.

बँड आमचा तिघांचा. मी साताऱ्याची, ड्रम वाजवते. गिटारवाला सांगलीचा, कॉलेजात शिकवणारा. गायक जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. माळावर कळपाला हाका घालून तयार झालेला गळा. सांगलीत विश्रामबागेतल्या एका स्टुडिओत माझे ड्रम आधीच रेकॉर्ड झाले होते, म्हणून मी काचेच्या अलीकडे नुसती बसून होते. हातांना काम नसलं की भीती जास्त वाटते.

वरच्या पट्टीतली ओळ आली की तो मान आखडून घ्यायचा. मी माइकवरून म्हटलं, "आज थांबूया."

"लय काळजी करतीस तू," तो म्हणाला. "येकदा हुंदे."

"तो म्हणतोय तर गाऊ दे ना," गिटारवाला माझ्याकडे न बघता म्हणाला.

पुढच्या खेपेला ती ओळ निम्म्यात तुटली. आवाज चिरकला नाही, फाटला नाही, गेलाच. त्याचे ओठ हलत होते आणि हेडफोनमध्ये फक्त श्वास. माझे ड्रम मात्र मागे धडधडत राहिले. कुणीतरी ते बंद केले.

"बोल ना रे काहीतरी!" गिटारवाला ओरडला.

त्यानं गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

साताऱ्यात माझ्या ओळखीच्या घशाच्या डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे नेलं. स्वरयंत्राच्या पडद्यावर रक्त साकळलं होतं. "पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

"आवाज परत येईल?" मी विचारलं.

"येईल. पण तोच येईल असं मी सांगत नाही."

काही दिवसांनी गिटारवाल्याचा फोन आला. "पुण्याचा एक गायक आहे. एका दिवसात गाऊन जाईल. अल्बमची तारीख आपण जाहीर केलीये."

"त्याला विचारलंस?"

"तो बोलू कुठं शकतोय?"

मी फोन ठेवला आणि सांगलीची एसटी पकडली. गिटारवाल्याच्या घरी तिघं समोरासमोर बसलो. त्यानं पुण्याच्या गायकाचं स्वतःच सांगितलं, खाली बघत. आमच्या गायकानं ऐकून घेतलं, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. 'दुसऱ्यानं गायलं तर मी ह्या बँडात न्हाई.'

गिटारवाला उठून आत गेला. संपलं सगळं, असं मला वाटलं. गायक पंख्याकडे बघत बसला होता. बऱ्याच वेळानं गिटारवाला बाहेर आला, डोळे लाल. "थांबूया," एवढंच म्हणाला.

आवाज परतला तो खालचा, वाळूवरून ओढल्यासारखा. ती ओळ त्याच्या आवाक्यात राहिली नव्हती. गिटारवाल्यानं सगळं गाणं खालच्या पट्टीत बसवलं, मी ड्रम संथ लयीत पुन्हा वाजवले. तो गायला उभा राहिला. ती ओळ जवळ आली तशी मी खुर्चीची कड घट्ट धरली. ओळ आली, पुरी झाली, पुढं गेली.

"झालं का?" त्यानं आतून विचारलं. गिटारवाल्यानं काचेतून अंगठा वर केला.

अल्बम आला. लोक विचारतात, शेवटचं गाणं कुणी गायलंय? "मीच की, गड्या," तो हसून सांगतो.

परवा तिघं साताऱ्याला येताना गाडीत अल्बममधलं पहिलं गाणं लागलं, त्याच्या जुन्या आवाजातलं. दोन ओळी ऐकल्या, आणि त्यानंच हात पुढं करून पुढचं लावलं.