पोथी समजून नमस्कार केला ते पुस्तक

हे लिहावं की नाही, मन अजून ठाम नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, बी.ए. सेकंड क्लास, आणि त्याचा मला अभिमान आहे. चमत्कार सांगत फिरणाऱ्यांतली मी नाही. झालं ते सांगते. मला ते पुरतं कळलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकते.

अठ्ठ्याण्णव साल असेल. आम्ही शारजात, अल मजाजला राहत होतो. ऑफिसातच ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दुबईच्या हॉस्पिटलात आठ दिवस शुद्ध नव्हती. ऊद मेथातल्या शाळेत मी शिकवायची, ती सुटली की थेट तिथे जायची. डॉक्टर म्हणायचे, "वेट करा, इन्शाल्ला." मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून स्तोत्रं म्हणायची, एक अनुस्वार न चुकवता. आत काही हलत नव्हतं. देव ऐकत नाही, की मीच कुठे चुकतेय, उमगेना.

त्याच बाकावर एक रशियाकडची म्हातारी बसायची. तिचा मुलगाही आत होता. तिच्याजवळ फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण अरबी नव्हेत, चौकोनी. ओठ हलवत वाचायची, मधेच हसायची. मला वाटलं, काय ही भक्ती! तिची पोथी समजून मी रोज त्या पुस्तकाला डोकं टेकवायला लागले. ती नुसती बघत राहायची.

आठव्या दिवशी मी विचारलं, "विच प्रेअर, आंटी?"

ती आधी हसली, मग डोळे पुसले. "नो प्रेअर. फनी स्टोरी. माय पापा राईट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर मी विनोदी गोष्टींना नमस्कार घालत होते!

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं. भाषेचं नाव यिडिश, तिकडच्या ज्यू लोकांची, तेही दबक्या आवाजात. ही त्यांच्या घरातली, आईची भाषा. गावचे विद्वान वडलांना म्हणायचे, "बाजारात बायका भांडतात त्या भाषेत कसलं लिहितोस?" तो तिच्यातच लिहीत राहिला. त्याच्या गोष्टीत एक शिंपीण देवाला दटावते, "माझं आयुष्य इतकं तोकडं बेतलंस? ये इकडे, तुझंच माप घेते!" पुढे युद्धात त्याचे वाचकच मारले गेले. नंतर तिथल्या सरकारने ह्या लिखाणापायी त्याला तुरुंगात कोंडलं. सुटून आला तेव्हा गावात ती भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी लिहायला बसायचा. हिने विचारलं, "पापा, कुणासाठी?" तो म्हणाला, "ज्याच्याशी भांडतोय, त्याला येते ही भाषा."

मला एकदम माझी आई दिसली. खान्देशातली, अंगठा लावणारी. आमच्या कानबाई देवीपुढे बसून अहिराणीत तिला फैलावर घ्यायची. कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायची. अहिराणी मी बोलणंच सोडलं होतं.

त्या दुपारी काचेपाशी उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "कानबाई माय, तुले काय व्हयनं वं? आंधयी व्हयनी का?" रडत, चिडत, बरंच काही बोलले. केरळची सिस्टर धावत आली, "मॅडम, क्या हुआ? धीरे बोलो ना!" पण आठ दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, समोर कुणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. मला बघून म्हणाले, "शाळा नाही का आज?" डॉक्टर म्हणाले, सूज उतरली. तसंच असेल. मी वाद घालत नाही.

बाकावर म्हातारी नव्हती. सिस्टर म्हणाली, मुलाला घेऊन गेले. कसा नेला, बरा की कसा, ते तिला ठाऊक नव्हतं. माझा नमस्कार देवीला पोचला, की त्या लेखकाला, की त्याच्या नातवाच्या वाट्याचं काही मी घेतलं, हा गुंता सुटत नाही. आता सोडवायलाही बसत नाही. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे, हा हट्ट पदवीबरोबर आला होता. तो तेवढा कानबाईच्या पायाशी ठेवला. रोज दिवा लावताना ह्यांच्यासाठी मागते, मग त्या मुलासाठी. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. "म्हातारीना पोऱ्या" एवढंच म्हणते. ती ओळखते.