चौथं शील

मेडशीच्या आमच्या विहारात रविवारी सगळे पंचशील म्हणतात. माझ्या शेजारी बसणारा टेलर चौथ्या शीलाला गप्प व्हायचा. खोटं न बोलण्याचं ते शील. हात जोडलेले, ओठ मिटलेले. पाचव्याला त्याचा आवाज परत यायचा. मी एकदा कारण विचारलं.

"सर, आठवडाभर मी लोकायले 'उद्या देतो, उद्या देतो' म्हनतो. मंग इथं कोनत्या तोंडानं म्हनू? तुमी तं पाचही धडाधड म्हनता. पक्के मानूस!"

तो हसला. मला हसू आलं नाही.

यंदा त्यानं काय मनावर घेतलं कोण जाणे. परवा माझ्यासमोरच त्यानं एका बाईचं ब्लाउजचं कापड परत केलं. "ताई, लग्नापर्यंत होत नाही. दुसरीकडं टाका."

"एरवी तं उद्या म्हनता!"

"तेच सोडून राह्यलो."

बाई तणतणत गेली. त्याचा चेहरा उतरला होता. पण त्या रविवारी त्यानं चौथं शील म्हटलं, अडखळत, हळू आवाजात. मला मात्र ते म्हणवेना.

संध्याकाळी किन्हीराजाहून आईचा फोन आला. एसटीनं फार लांब नाही, तरी वर्षभर मी तिला 'पुढच्या रविवारी येतो' असंच सांगत आलोय.

"पुढच्या रविवारी येतं का रे बापू?"

"नाही, आई."

"काहून?"

कामाचं कारण जिभेवर तयार होतं. ते गिळलं. "कंटाळा करतो, आई."

ती म्हणाली, "आंधी सांगतलं असतं तं. दर रविवारी तुह्या वाटच्या भाकरी थापून राह्यली मी."