हवालदाराचा अंगठा

भाऊसोच्या किराणा दुकानात कार्ड घासायचं मशीन होतं, ते एकट्या तात्याबासाठी. बाकी सगळं वडूज फोन पुढं करायचं. काडेपेटी घ्यायला आलेली म्हातारीसुद्धा काउंटरवरच्या काळ्या ठिपक्यांच्या चौकटीपुढं फोन धरायची आणि गल्ल्याजवळची डबी पैसे मिळाल्याचं गावभर ओरडून सांगायची. मशीन बापडं खालच्या खणात, लवंगांच्या पुड्यांशेजारी, फडक्यात गुंडाळून पडलेलं. महिन्याच्या पहिल्या बाजाराला तात्याबानं उंबऱ्यात पाय ठेवला की भाऊसो ते बाहेर काढायचा, फुंकर मारायचा आणि वायर शोधत बसायचा.

"हवालदार, ह्येचं भाडं म्या तुमच्या एकट्यापायी भरतोय बगा," तो म्हणायचा.

"मग एकट्याचा तरी मान राख," तात्याबा म्हणायचा आणि खिशाची सेफ्टी पिन काढायला लागायचा. बंडीच्या आतल्या खिशात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कॅन्टीनचं कार्ड आणि त्याच्यामागं बँकेचं. कार्ड मशीनमध्ये घातलं की तो दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं पाठ करायचा, डाव्या हाताचा आडोसा धरायचा आणि चार आकडे दाबायचा. मागं एखादं शेंबडं पोर असलं तरी आडोसा चुकायचा नाही. लोक हसायचे. हसू देत. चोवीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस, नाकावर माशी बसू द्यायचा नाही, तो लोकांच्या हसण्याला काय भीक घालतोय!

वडूजपासून दोन कोसांवर, माळावरच्या गावात त्याचं घर. घरात तो आणि लीलाबाई. पोरगा जयराज साताऱ्याला एमआयडीसीत नोकरीला. वय बहात्तर झालं तरी पहिल्या बाजाराला तात्याबा एकटा एसटीनं वडूजला जायचा, पेन्शन काढायचा, चहापत्ती-साखर भरायचा, दाढी करून घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी यायचा. बायकोला चल म्हटलेलं तिला आठवत नाही. त्या एका दिवसावर त्याचा महिना उभा असायचा.

जयराजनं दोन दिवाळ्यांपूर्वी नवा फोन आणला. पोरगं काही वाईट बोललं नाही. कार्ड पडतं, हरवतं, कुणी खिशातनं मारतं. घासायला मशीन लागतं आणि मशीन आता कुणी ठेवत नाही. फोन काय, भाजीवाल्याकडंही चालतो. तात्याबानं सगळं ऐकून घेतलं, आणि चार दिवस ओट्यावर बसून खरोखर विचार केला. पोराचं चुकत नव्हतं, हे त्यानं लीलाबाईजवळ कबूलही केलं. पण फोनची बॅटरी मरते. माळावर रेंज कधी असते, कधी नसते. आणि फोन चुगलखोर. वडूजला भजी खाल्ली तर साताऱ्यात पोराला कळणार. कार्ड गुमान असतं. दिलं तेवढं काम करतं, तोंड उघडत नाही.

ही झाली वरवरची कारणं. खरं कारण जयराजनं "आबा, फोन उघडायला नुसता आंगठा टेकवायचा, झालं" असं म्हटलं तेव्हा बाहेर पडलं.

तात्याबाचा बाप केरबा अंगठेबहाद्दर. तलाठ्याकडं गेला की तलाठी त्याचा अंगठा स्वतःच्या हातात धरायचा, शाईवर दाबायचा, कागदावर दाबायचा आणि सोडून द्यायचा. कागदावर काय लिहिलंय हे केरबानं कधी विचारलं नाही. अंगठ्याची शाई कानामागं केसांना पुसायची आणि हसत बाहेर यायचं. घरी आला की कानामागं काळं दिसायचं. तात्याबाला त्या काळ्याची अशी लाज वाटायची, की सातवीपर्यंत तो शाळेला चिकटून राहिला तो त्या एका डागापायी. भरतीच्या कागदावर त्यानं सही केली. वाकडीतिकडी, पण सही. बँकेत हयातीच्या दाखल्याला गेला तरी तो मशीनवर बोट ठेवायचा नाही. कागद द्या, सही करतो, म्हणून अडून बसायचा.

"माज्या बापानं जल्मभर आंगठा उठवला," तो जयराजला म्हणाला. "म्या सही शिकलो. आता तू मला परत आंगठ्यावर आणतोस व्हय रं? आंगठा झोपल्याल्याचा उठतो, मेल्याल्याचा बी उठतो. नंबर डोस्क्यात असतो. डोस्कं हाय तवर माणूस हाय."

पालथ्या घड्यावर पाणी. जयराज फोन कपाटात ठेवून साताऱ्याला निघून गेला.

त्या कार्डाचा गुप्त नंबर म्हणजे त्याच्या पलटणीतल्या नंबराचे शेवटचे चार आकडे. जवानाला त्याचा नंबर नावाआधी येतो. दो, सात, छे, आठ, चार, एक, नौ. हजेरीला तोच, पगाराला तोच, दवाखान्यात तोच. आईचं नाव विसरंन पण नंबर विसरायचा न्हाई, असं तो सांगायचा. लीलाबाई चौथी शिकलेली. इतकी वर्षं तिनं आंतरदेशीय पत्रांवर पत्ता लिहिला, त्यात पहिला नंबर, मग हुद्दा, मग नाव. एकदा घाईत तिनं नाव आधी लिहिलं, तर उत्तरात खुशालीऐवजी दोन पानं दम आला. ह्याच नंबराचे चार आकडे कार्डाला लावलेत, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी बायकोला सांगायच्या नसतात, अशी त्याची समजूत.

गेल्या दसऱ्यानंतरच्या बाजाराला भाऊसोच्या दुकानात पहिल्यांदा घोटाळा झाला. तात्याबानं पाठ केली, आडोसा धरला, चार आकडे दाबले. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा दाबले, पुन्हा नाही. भाऊसोला काय ते दिसलं, पण भला माणूस. त्यानं मशीन काढून घेतलं, रेंज गेली म्हणाला, आणि सामान न्या, पैसे पुढल्या बाजाराला द्या म्हणाला. तात्याबानं उधारी जन्मात केली नव्हती. त्यानं साखर, चहापत्ती, तेलाची पिशवी एकेक करून काउंटरवर परत ठेवली आणि मोकळ्या हातानं एसटी धरली. घरी दुकान बंद होतं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एटीएमला गेला. तीनदा चुकलं आणि यंत्रानं कार्ड बाहेर ढकललं. त्याच्या मागं ओळ लागली होती. एक पोरगी म्हणाली, बाबा, मी दाबून देऊ का? त्यानं तिच्याकडं असं बघितलं, की ती बिचारी दाराबाहेर जाऊन उभी राहिली. घरी त्यानं यंत्रात पैसे नव्हते म्हणून सांगितलं.

ट्रंकेत डिस्चार्जचं बुक होतं, त्याच्यावर नंबर होता. तो काढायचा, वाचायचा, पाठ करायचा, पण वडूजच्या स्टँडवर उतरेपर्यंत आकडे कुठंतरी सांडलेले असायचे. एकदा मनाचा हिय्या करून त्यानं तळहातावर लिहिला, तर एसटीच्या दांडीला धरलेल्या घामट हातानं तो पुसून टाकला. सकाळी ज्वारीच्या बांधावरून डावा-उजवा करत तो मोठ्यानं म्हणत जायचा, दो, सात, छे, आठ. तिथं थांबायचा. परत पहिल्यापासून म्हणायचा, परत तिथंच. ह्या माणसाला आपलं काय होतंय ते कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं, तीच तर खरी रड. पोराला कळलं की कार्ड जाणार. कार्ड गेलं की एकट्यानं वडूजला जाणं गेलं. मग जेवायला हाक मारीपर्यंत ओट्यावर बसायचं. म्हणून त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

पण लीलाबाईपासून काय लपणार? एकाच सकाळी दोनदा चहा मागितला, जेवून उठल्यावर जेवायचं का म्हणून विचारलं, हे तिनं सगळं बघितलं होतं आणि गिळलं होतं. डब्यातली साखर संपली तशी तिनं चप्पल घातली.

"आवं, मीबी येतो," ती म्हणाली. सातारी बाई, येतो-जातोच म्हणणार. त्याला नाही म्हणायचं होतं, पण त्यानं खिशाची सेफ्टी पिन चाचपली आणि तिच्यापुढं चालायला लागला.

एटीएमच्या खोलीत ती त्याच्या मागं उभी राहिली. त्यानं कार्ड घातलं, डावा हात आडोशाला धरला, उजवं बोट वर नेलं. बोट तसंच राहिलं. यंत्राची मुदत संपली आणि कार्ड बाहेर आलं. त्यानं परत घातलं. लीलाबाईला त्याची मान मागून दिसत होती. घामानं कॉलर भिजली होती. डिसेंबरचा महिना, आणि आत गार हवेचं मशीन चालू.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"नंबर ईना," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला ते सांगितलं. "माजा नंबर. पलटणीतला. शेवटचं चार."

लीलाबाईनं एक श्वाससुद्धा मधे घेतला नाही. "दो, सात, छे, आठ, चार, एक, नौ," ती म्हणाली. तो जसा म्हणायचा तसा, हिंदीत.

त्यानं एकेक आकडा दाबला. आठ. चार. एक म्हणताना त्यानं मागं वळून बघितलं, तिनं पुन्हा सांगितलं. नौ. यंत्र घरघरलं आणि पैसे आले. लीलाबाईला इतका आनंद झाला, की तिनं मनातल्या मनात नाथाला नारळ बोलला. आपण आहोत की, तिला वाटलं. ह्यानं विसरावं, आपण सांगावं. त्याचा बाजार चालू राहील, पोराला कशाला कळायला पाहिजे? तिनं त्याला स्टँडवर भजी घेतली, चहा घेतला. तो शांतपणे खात होता.

"लीला," तो मधेच म्हणाला, "मगाशी तू म्हनत हुतीस, त्यो कुनाचा नंबर?"

तिच्या हातातला चहा तसाच गार झाला. एसटी आली, तेव्हा तिनं त्याला हाताला धरून चढवलं. आजवर असं कधी केलं नव्हतं. त्यानंही हात सोडवून घेतला नाही.

त्याच आठवड्यात भाऊसोनं साताऱ्याला जयराजला फोन केला. चुगली म्हणून नाही, काळजीनं केला. जयराज रजा टाकून आला, आबांना सांगलीला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं त्यांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करायला लावले, आज वार कुठला म्हणून विचारलं. मग बाहेर जयराजला सांगितलं, की गेलं ते माघारी येणार नाही, आणि राहिलंय तेही हळूहळू जाणार. गोळ्यांनी फार तर त्याची चाल जरा धिमी होईल. येताना गाडीत तात्याबा खिडकीतून ऊस बघत होता. कडेगाव आलं तसं त्यानं विचारलं, आपण कुणाला बघायला गेलो होतो? कोण आजारी आहे?

जयराजनं कार्ड आपल्या पाकिटात ठेवलं. कपाटातला फोन काढला. आता नवीन निघालंय, थोड्याथोडक्या पैशाला चार आकडेसुद्धा लागत नाहीत, अंगठा टेकवला की बास. त्यानं ते आईला दोनदा करून दाखवलं. खातं तात्याबाचं, म्हणून अंगठाही त्याचाच नोंदवायचा होता, तेव्हा लीलाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. तिला वाटत होतं, आता हा ओरडेल, फोन भिरकावून देईल, सही करतो म्हणेल. तिला ते हवं होतं. जयराजनं हात धरला, अंगठा काचेवर चार वेळा दाबला, आणि तात्याबा काहीएक बोलला नाही.

संक्रांतीच्या तोंडावर दोघं वडूजला आली. त्याला ओट्यावर ठेवून यायला लीलाबाईला धीर होईना, आणि पैसे तर त्याच्या अंगठ्यावर. भाऊसोनं हवालदार, या, म्हणून नेहमीसारखी हाक दिली आणि त्याचा हात सवयीनं खालच्या खणाकडं गेला. लीलाबाईच्या हातात फोन बघून त्यानं तो मागं घेतला. साखर, चहापत्ती, तेल, तीळ. सामान बांधून झालं. लीलाबाईनं चौकटीपुढं फोन धरला, जयराजनं शिकवलेलं सगळं केलं आणि फोन नवऱ्यापुढं धरला.

त्याला कळेना कुठं टेकवायचं. मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं. शेवटी लीलाबाईनं त्याचा अंगठा आपल्या हातात धरला, काचेवर दाबला आणि सोडून दिला. डबी ओरडली. तात्याबानं आवाज कुठून आला म्हणून वर, छताकडं बघितलं. भाऊसो उगाच तराजू पुसत राहिला.

मग तात्याबा हसला. भोळं, कुणालाही न दुखवणारं हसू. त्यानं अंगठा उचलला, उजव्या कानामागं नेला आणि केसांना पुसला. एकदा पुसला, अंगठा डोळ्यांपुढं धरून बघितला, आणि पुन्हा पुसला.

लीलाबाईनं सासऱ्याला असं करताना शंभरदा बघितलं होतं. कानामागं शाई नव्हती, काहीच नव्हतं. तरी तिनं पदराच्या टोकानं ती जागा पुसून काढली, पिशवी उचलली आणि त्याचा हात धरून स्टँडकडं चालायला लागली.