बैठकीतली गव्हाण

आणीबाणी उठली त्याच वर्षी आमच्या ह्यांना बढती मिळाली आणि साहेबांच्या बंगल्यावर चहाचं बोलावणं आलं. हे तिथून परतले ते बिघडूनच. साहेबांच्या मॅडमनी म्हणे बैठकीत एकही नवी वस्तू ठेवली नव्हती. रंग उडालेलं कपाट, टवके गेलेल्या खुर्च्या, पोचे आलेलं पितळी घंगाळ आणि त्यात फुलं.

"याला रसिकता म्हणतात," हे मला म्हणाले.

आमच्या घरात जुनं काहीच नव्हतं. लग्नालाच दोन वर्षं झाली होती. मग जुनं करायचं ठरलं. माझ्या माहेरून, खाप्याहून, बाबांनी लग्नात दिलेल्या सागवानी टेबलाचं पॉलिश ह्यांनी दोन रविवार बसून काचकागदानं खरवडलं. त्यावर पांढरा रंग दिला, तो वाळल्यावर तोही खरवडला. सायकलच्या साखळीनं कडा ठोकल्या. घरातला बल्ब कधी न बदललेला माणूस टेबलाची वाट लावताना घामाघूम झाला. मी पोहे करून दिले. एवढ्या कष्टाचं काही चीज नको?

पुढच्या आठवड्यात बाबा आले. टेबलावरून हात फिरवला. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, जावईबापूची नोकरी हाये ना वं?"

"हाये बाबा. बढती भेटली."

"मंग टेबल काहून असा झाला?"

"फॅशन हाये ते."

हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. त्या टेबलासाठी त्यांनी बांधावरचा साग पाडला होता.

बाहेर हे उत्साहानं समजावू लागले, की वस्तू वापरलेली दिसायला हवी, तिला इतिहास हवा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"असं हाये का? मंग आमच्या गोठ्यातली गव्हाण पाठवतो. चाळीस वर्सं झाली, म्हशी चाटून राहिल्या तिले."

टोमणा होता. ह्यांना तो कळला नाही. "पाठवा ना!" म्हणाले.

बाबा शब्दाचे पक्के. एसटीच्या टपावरून गव्हाण आली. ह्यांनी ती बैठकीत मधोमध मांडून आत मासिकं रचली. दुपारी ऊन आलं की मासिकांना कडब्याचा वास सुटे.

आठ दिवसांनी साहेब आणि मॅडम आले. टेबलाकडे मॅडमनी ढुंकूनही पाहिलं नाही. गव्हाणीपुढे मात्र देवापुढे बसावं तशा बसल्या. "किती अस्सल आहे! मला द्याल?"

बढती नवी होती. ह्यांच्या तोंडून "हो" आपोआप निघालं. गव्हाण साहेबांच्या जीपमधून गेली.

महिन्याभरात निरोप आला, जोडीला आणखी एक मिळेल का? ह्यांचा धीर होईना, म्हणून बाबांना मीच विचारलं.

"पाठवतो ना. पण म्हशी बी संगं पाठवतो. त्याहिले दुसरीकडं खायची सवय नाही."

हे उत्तर साहेबांना कोण सांगणार? ह्यांनी सरळ सांगून टाकलं, की सासऱ्यांवर वाईट दिवस आले, गव्हाणीसकट म्हशी विकाव्या लागल्या. मॅडमना फार वाईट वाटलं. मुद्दाम घरी येऊन माझा हात धरून म्हणाल्या, "काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा."

मी मान खाली घातली आणि जाताना त्याच म्हशींचं ताजं तूप त्यांना डबाभर बांधून दिलं.